बोर्डाचं बोलावणं येईपर्यंत

उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा मला एवढंच वाटलं, की आता कामावरून काढतील. काढलं नाही. उलट आमचे मेस्त्री दवाखान्यात येऊन सांगून गेले, की तू घरी बस, विम्याचे पैसे मिळतील, सरकारची तशी सोय आहे. मला ते खरं वाटेना. माझ्या माहेरी, सांगलीच्या बाजूला, घरी बसलेल्या माणसाला फक्त बोलणी मिळत.

ही चीनशी लढाई झाली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी बेंगळूरला आले ती लग्न होऊन. नवरा विजेची बटणं करणाऱ्या एका कारखान्यात फिटर होता. तिसऱ्या वर्षी विषमज्वरानं गेला. दिवस झाल्यावर भाऊ न्यायला आला. म्हणाला, "इथं तुझं कोण आहे? चल." खरंच कोणी नव्हतं. पण आमच्या घरात माझी एक आत्या होती, अशीच लहानपणी परत आलेली. ती कधी जेवते ते आम्हा पोरांना माहीत नसायचं, कारण सगळ्यांचं झाल्याशिवाय ती पानावर बसत नसे. मी भावाला म्हटलं, मागनं येते. कारखान्याच्या मालकांनी दया केली आणि मला बायकांच्या खात्यात प्रेसवर घेतलं. माझं शिक्षण मराठी चौथी. धाकट्या भावंडांना सांभाळायला आईनं शाळेतून काढलं होतं. तेवढ्या शिक्षणावर परमुलखात पगार मिळतो, याचं मला रोज नवल वाटायचं.

काम असं होतं : डाव्या हातानं पितळेची पट्टी सरकवायची, पायानं पायडल दाबायचं, वरून ठोकळा खाली येतो, तुकडा पडतो, तो उजव्या हातानं काढायचा. पाय आणि हात यांची एक लय असते. चार वर्षं ती चुकली नाही. एका मंगळवारी चुकली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अंगठा राहिला, करंगळी राहिली, मधलं सगळं गेलं.

मग विम्याचं सुरू झालं. दर आठवड्याला विम्याच्या दवाखान्यात जायचं. डॉक्टर हात बघत आणि अजून कामाला लायक नाही अशी चिठ्ठी देत. ती चिठ्ठी विम्याच्या ऑफिसात खिडकीवर द्यायची, की आतला कारकून निम्म्या पगाराइतके पैसे देई. त्यात खोलीचं भाडं आणि तांदूळ निघायचा. जखम पुरती भरली, की तीन डॉक्टरांचं बोर्ड बोलावणार, हाताचं किती गेलं ते ठरवणार आणि त्याप्रमाणे जन्मभर महिन्याला पैसे लागणार. पण बोर्डाचं बोलावणं कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तोपर्यंत त्या आठवड्याच्या चिठ्ठीवर जगायचं. चिठ्ठी बंद झाली तर भावाकडे जायचं. तिसरं काही नव्हतं.

पैसे घेतले की मी खिडकीला नमस्कार करायची. कारकून लाजायचा. एकदा म्हणाला, "अम्मा, मी काय देव आहे? मागे रांग बघा किती आहे!" पण मला राहवायचं नाही. मी काही न करता कोणीतरी मला खायला घालत होतं, आणि बोलतही नव्हतं.

माझी खोली चिकपेटच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या मराठी घरात होती. जुन्या म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं घराणं. त्यांचं मराठी मला पहिले सहा महिने कळलंच नाही. घरमालक अण्णा, त्यांचं कापडाचं दुकान. मालकीण अक्का. वयानं माझ्या आईएवढी, पण सगळी गल्ली अक्का म्हणे म्हणून मीही म्हणे. अपघात झाल्यापासून तीच माझी वेणी घालायची. घालताना जोरात ओढायची आणि वर म्हणायची, "स्वल्प थांब की गं. मान हलवली तर वाकडी होते, मग लोक म्हणतात अक्काला वेणी येत नाही म्हणून."

दसरा जवळ आला. इकडे कारखान्यातून आयुधपूजा फार मोठी. आपल्याकडे तिला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी बायका आपापली मशीन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालतात. दारात कोहळा फोडतात. मग चुरमुरे, मिठाई आणि चोळीचा खण असं पाकीट हातात पडतं.

माझी आई दर खंडेनवमीला विळी, कोयता, खुरपं धुऊन पाटावर मांडायची. वर्षभरात ज्या हत्यारानं कोणाला कापलं असेल, त्याला आधी कुंकू. ज्याला कापलं त्यानंच लावायचं. म्हणायची, हत्यारावर रुसलं की ते डूख धरतं, पुन्हा त्याच घरातलं माणूस धरतं. मला आधी स्वतःचं काही वाटलं नाही. पण माझ्या प्रेसवर आता एक तमिळ मुलगी बसवली होती, नुकतं लग्न ठरलेली. तिच्या दहा बोटांचा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "जा की. देवाचं काम आहे. पण नवी साडी नेसू नको, लोक म्हणतील विम्याचे पैसे फार झालेत म्हणून."

गेले. दारात टाइम-ऑफिसच्या भिंतीवर बिल्ल्यांचा फळा. प्रत्येकीच्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला टांगलेला. आत जाताना तो काढून पेटीत टाकायचा, म्हणजे हजेरी लागते. माझा बिल्ला होता तिथेच होता, कोणी काढला नव्हता. तो बघून मला भरून आलं. मला अजून इथलीच धरतात म्हणायची. मागून बायका ढकलत होत्या, "बेगा बा, लवकर चल, पूजा सुरू होईल," आणि पाकीट तर बिल्ला टाकल्याशिवाय देत नसत. मी डाव्या हातानं बिल्ला काढला आणि पेटीत टाकला. चार वर्षं रोज तेच केलं होतं.

आत गेले आणि प्रेस बघितली. इतकी घाण की बघवेना. ती तमिळ मुलगी नवीन, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पदर खोचला. फडकं घेऊन डाव्या हातानं सगळी पुसून काढली, तेल घातलं, खाली साचलेला पितळेचा चुरा झाडला, मग कुंकू लावलं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं लावलं. सगळ्या बायका बघत होत्या. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. मुलीनं वाकून माझ्या पायांना हात लावला. त्या दिवशी मी घरी आले ती बऱ्याच महिन्यांनी बऱ्या मनानं आले. अक्कानं पाकिटातली मिठाई खाऊन बघितली आणि म्हणाली, "तूप खोटं आहे."

पुढच्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेले. कारकुनानं कागद काढला, परत बघितला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही कामावर गेला होतात?"

"नाही हो."

"कारखान्याच्या हजेरीत त्या दिवशी तुमचा नंबर आहे. त्या दिवसाचा पगारही लावलाय."

मी म्हटलं, ते पूजेचं होतं. तो म्हणाला, "अम्मा, मला कळतं. पण इथं कागदात पूजा नाही, हजेरी आहे." मग हळू आवाजात, "चौकशीला साहेब येतील. त्यांना नीट सांगा, की काही काम केलं नाही, नुसता नमस्कार करून आले. एवढंच सांगा. तोवर मला पैसे देता येत नाहीत."

त्या दिवशी मी नमस्कार करायचं विसरले. आठवलं तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात होते. भीती वाटली, की त्याला वाटेल पैसे नाहीत तर नमस्कार नाही.

चौकशीचे साहेब आठ-दहा दिवसांनी कारखान्यात आले. मलाही बोलावलं होतं. वयस्कर, शांत माणूस. माझ्याशी हिंदीत आणि बायकांशी कानडीत बोलले. मी काय सांगायचं ते घरून घोकून गेले होते. पण त्यांनी आधी मला विचारलंच नाही. प्रेसखात्यात उभे राहिले आणि बायकांना विचारलं, "पूजेच्या दिवशी ह्या आल्या होत्या?"

आमच्यातली सगळ्यांत थोर बाई, जिला आम्ही दोड्डम्मा म्हणायचो, ती पुढे झाली. "आली होती की."

"काय केलं त्यांनी?"

दोड्डम्माला त्या प्रश्नाचा राग आला. तिला काय वाटलं असेल ते मला तेव्हाच समजलं. बिनकामाची येऊन खण आणि मिठाई घेऊन गेली, अशी कोणीतरी माझी चुगली केली, आणि हे साहेब त्याचीच चौकशी करतायत.

"काय केलं म्हणजे? साहेब, ह्या इतर बघा, नुसतं कुंकू लावलं आणि पाकीट घेऊन पळाल्या. हिनं प्रेस पुसली. तेल घातलं. खालचा चुरा काढला, जो मेस्त्रींनी दहा वेळा सांगून कोणी काढत नाही. एका हातानं! केलसा अंदरे इदु. काम म्हणावं तर हे!"

"फुकटचं काही नाही घेतलं तिनं," दुसरी म्हणाली.

"आमच्या दोघींएवढं एकटीनं केलं," तिसरी.

ती तमिळ मुलगी तर धावत जाऊन तेलाची बुधली घेऊन आली, दाखवायला.

साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर माझ्याकडे वळले. "हे बरोबर आहे?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की नाही, मी नुसता नमस्कार केला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दोड्डम्माचा चेहरा फुलला होता. लहानपणापासून माझ्याबद्दल चांगलं असं लोकांनी एकच म्हटलेलं आहे, की पोरगी कामाला वाघ आहे. ते त्या माझ्याच जिवासाठी ओरडून सांगत होत्या. त्यांना खोटं कसं पाडू? मी मान डोलावली. साहेबांनी कागद पुढे केला. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. मी मराठीत सही केली, डाव्या हातानं.

बाहेर पडताना दोड्डम्मा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नको. आम्ही आहोत ना." तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पैसे त्या पूजेच्या दिवसापासून बंद झाले. डॉक्टरांनी शेवटची चिठ्ठी दिली, की आता कामाला लायक. म्हणाले, "जखम भरलीच आहे, मला दुसरं लिहिता येत नाही. बोर्डाकडे कागद पाठवलेत. येईल बोलावणं." कधी, ते मी विचारलं नाही. विचारलं तर रागावतील आणि कागद मागे पडेल, असं मला वाटायचं. तेव्हा मला सगळ्याचंच असं वाटायचं.

चिठ्ठी घेऊन कारखान्यात गेले. प्रेसवर बसवणं शक्यच नव्हतं. मेस्त्रींनी बांधणीच्या खात्यात घातलं. तिथे बटणं कागदात गुंडाळून सुतळीनं बांधायची. दोन दिवस केलं. माझी पुडकी सुटायची, शेजारच्या बाया गुपचूप परत बांधायच्या आणि त्यांचं काम मागं पडायचं. तिसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "बोर्ड होऊ दे, मग बघू." म्हणजे विम्याच्या लेखी मी कामाला लायक, आणि कारखान्याच्या लेखी नालायक. दोन्ही कागद खरे होते.

पहिल्यांदा तांब्यापितळेची भांडी गेली. मग नवऱ्याचं घड्याळ. मग विकायला काही राहिलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी जिन्यावर येऊन उभी राहायची. तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. पुढे पुढे तो माझ्याकडे न बघता जायला लागला. भावाचं कार्ड मात्र आलं. लिहिलं होतं : निघून ये. इथे पोरांना बघायला कोणीतरी हवंच आहे. हाताचं मनावर घेऊ नको, पोरं बघायला बोटं लागत नाहीत.

ते कार्ड मी अक्काला वाचून दाखवलं. तिनं माझ्याकडून घेतलं, उलटं करून पत्त्याची बाजू बघितली, आणि ठेवून दिलं. म्हणाली, "खोली दुकानातल्या मुनीमाला देते. तो कधीचा मागतोय. तू खाली स्वयंपाकघरात ये. सरी?"

"अक्का, मी भाडं—"

"भाडं विचारलं मी? ये म्हटलं, विचारलं नाही."

त्या घरच्या माणसांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही, म्हणूनच जास्त अवघड होत होतं. अण्णा जेवायला बसले, की मी आत जाऊन मागच्या दाराशी उभी राहायची. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. अक्का ओरडायची, तरी तेच. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की हे मी कुठे बघितलं आहे. त्यानंतर काही दिवस मी उठायचंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. परसात विहीर होती. अक्का मला तिथे एकटीला पाठवेना. मी कळशी उचलली, की तिचंही मागच्या दाराशी काहीतरी काम निघायचं.

तिनंच एके दिवशी तांदळाचं सूप माझ्यापुढे ठेवलं. "खडे काढ. माझे डोळे गेले." तिचे डोळे चांगले होते. अंगठा आणि करंगळी जोडून खडा धरायचा मी प्रयत्न केला. अंगठा पोचतो, करंगळी पोचत नाही. तळवा दुमडावा लागतो, मधल्या थोट्या जागी कळ येते. एका सुपाला सकाळची दुपार झाली. महिन्याभरात खडे निघायला लागले. मग शेंगा सोलायला लागले. मग काड्यापेटीतली काडी धरून चूल पेटवली. अक्कानं बघितलं आणि अण्णांना हाक मारून बोलावून दाखवलं.

बोर्डाचं बोलावणं आलं ते उन्हाळ्यात. इंग्रजी कागद अण्णांनी वाचला. अक्का माझ्याबरोबर यायला निघाली. बसमधून उतरल्यावर म्हणाली, "हे बघ, आत काही उचल म्हणतील, धर म्हणतील. पडू दे. स्वल्प हुशारी घरी ठेव. पूजेच्या वेळी हुशारी दाखवलीस, बास झाली."

आत लांब टेबलामागे तीन डॉक्टर. एकानं पट्टी घेऊन थोटकांची मापं घेतली आणि मोठ्यानं सांगितली, दुसऱ्यानं लिहिली. तिसऱ्यानं खिशातून काड्यापेटी काढली, एक काडी टेबलावर ठेवली आणि हिंदीत म्हणाला, "उठाओ."

मला ती उचलता येत होती. चार महिने मी दुसरं काही शिकले नव्हते. माझ्या हातानं मिळवलेली तेवढीच एक गोष्ट होती, आणि समोर तीन शिकलेली माणसं ती बघायला बसली होती. करंगळी आपोआप वळायला लागली. मी ती वळू दिली नाही. काडीपर्यंत हात नेला, ढकलली, ती टेबलावरून खाली पडली. डॉक्टरांनी दुसरी ठेवली. तीही पाडली. वाटलं, आता ते म्हणतील, खोटं करते.

ते बघतच नव्हते, घड्याळ बघत होते. "बस, जाइए."

बाहेर बाकावर एक माणूस कुबडी घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "आत काय करायला लावतात?" मी त्याला उत्तर न देता पुढे गेले. अक्कानं विचारलं, "पाडलीस?" मी हो म्हटलं. "शाणी आहेस," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं सुटकेचं आहे.

निकालाचा कागद पुढे बऱ्याच दिवसांनी आला. अण्णांनी वाचून अर्थ सांगितला. कुठलं बोट कुठल्या पेरापासून गेलं, आणि त्याला छापील तक्त्याप्रमाणे किती. त्यात काडीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी अण्णांना म्हटलं, विम्याच्या ऑफिसात विचारा. ते जाऊन आले. "बोटांचं आधीच पुस्तकात ठरलेलं असतं म्हणे," ते म्हणाले. "तू काडी उचलली असतीस काय, नसतीस काय. सारखंच."

मधल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. पुढचे लागले. आभाळाला हात लागावेत असे ते नव्हते, खोली घेण्याइतकेही नव्हते, पण दर महिन्याला येत होते आणि अजून येतात, आणि ज्या सरकारनं माझी खोटी काडीसुद्धा हिशेबात धरली नाही त्याचे मी उपकारच मानते. खिडकीवर तोच कारकून होता. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "झालं ना बोर्ड? काय काय बघितलं?" मी म्हटलं, "मोजलं फक्त."

आठवड्यानं भावाला कार्ड टाकलं. सरकारी पेन्शन लागलं, आता येत नाही, काळजी नसावी. किती लागलं ते लिहिलं नाही. कुठे राहते तेही नाही.